सातवीचं पहिलं सत्र, मालवण

[दृश्य : खाडीकाठ. पाऊस नुकताच थांबलेला. काठावर ओढून ठेवलेल्या, ताडपत्रीने झाकलेल्या होड्या.]

जुलै महिना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे होड्या काठावर आहेत आणि जाळी घराच्या पडवीत. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी प्रवासी होडीही पावसाळाभर बंद. अशा दिवसांत खाडीवर यायचं कुणाला काही कारण नसतं. तरीही छत्र्या सांभाळत मुलांचा एक घोळका इथे उभा आहे. सातवीचा वर्ग आहे हा, आणि भूगोलाचा तास चालू आहे.

लाटा लागत नाहीत अशा आतल्या बाजूला एका दगडी खांबावर ऑइलपेंटने रेघा मारल्या आहेत. पाणी कुठल्या रेघेवर आहे ते एकजण मोठ्याने सांगतो, दुसरी वहीत लिहिते. वहीत तीनच रकाने : तिथी, वेळ, पाणी. शेजारच्या दोघांचं भांडण चाललंय ते पाणी रेघेला टेकलंय की रेघेच्या वर आहे यावरून.

[दृश्य : वहीचं पान, जवळून.]

राज्य मंडळाचं सातवीचं पुस्तक २०१७ सालचं. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि दिवाळीच्या सुट्टीला पहिलं सत्र संपतं. कागदावर हे साडेचार महिने दिसतात. पण कोकणात मधे गणपती येतात आणि तेव्हा शाळा, बाजार, सगळंच थांबतं. तेवढ्या वेळात भूगोलात ऋतू कसे होतात, ग्रहणं, भरती-ओहोटी, हवेचा दाब आणि वारे हे सगळं उरकायचं. गणितात पूर्णांक, मसावि-लसावि, कोन, परिमेय संख्या. विज्ञान आणि इतिहास त्याशिवाय.

भरती-ओहोटीचा धडा महाराष्ट्रभर शिकवला जातो. भंडाऱ्याच्या मुलाला तो आकृतीवरून समजून घ्यावा लागतो. इथल्या मुलांना उधाण आणि भांग घरात ऐकून माहीत आहेत : अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढतं फार आणि उतरतंही फार, अष्टमीच्या सुमाराला जेमतेम हलतं. माहीत नसतं ते कारण. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते. काटकोनात आले की एक दुसऱ्याची ओढ कमी करतो. इतकं पटतं. खरी अडचण पुढे आहे. चंद्र ज्या बाजूला आहे तिथे पाणी फुगतं, हे ठीक. पण पृथ्वीच्या नेमक्या उलट बाजूलाही त्याच वेळी भरती का? पुस्तक केंद्रोत्सारी, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला बाहेर फेकू पाहणाऱ्या, बलाकडे बोट दाखवतं. सर दोरीला पेला बांधून गरगर फिरवून दाखवतात. पाणी सांडत नाही, वर्ग टाळ्या वाजवतो. प्रश्न किती जणांचा सुटला, हे मात्र टाळ्यांवरून कळत नाही.

वहीतले आकडे मात्र बोलायला लागतात. आज दहाला भरती, तर उद्या दहा पन्नासच्या आसपास. पृथ्वी एक फेरी पुरी करते तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला आणखी सुमारे पन्नास मिनिटं लागतात.

आणि इथे एका मुलीचे आजोबा वर्गात येतात. प्रत्यक्ष नव्हे, तिच्या तोंडून. घरी घड्याळ न बघता ते भरतीची वेळ सांगतात : तिथीची पाऊणपट करायची. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे हा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराच्या सुमाराला. अष्टमीला आठची पाऊणपट सहा.

[दृश्य : फळा. तीन छेद चार, गुणिले पंधरा.]

पुढचा तास गणिताचा. नेमके परिमेय संख्यांचे गुणाकार चालू होते. सरांनी पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि पंधराही तिथींचा तक्ता करायला सांगितला. मग वहीतल्या मोजमापाशी तो ताडून पाहिला. कुठे दहा मिनिटांचा फरक, कुठे अर्ध्या तासाचा. आजोबांचा हिशोब अंदाजाचा आहे, पण होडी पाण्यात लोटायला तेवढा पुरत होता.

त्याहून रंगला तो ऋण संख्यांचा तास. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं. का, ते फार थोड्यांनी विचारलं, आणि विचारलेल्यांना बहुधा ‘नियम आहे’ असं उत्तर मिळालं. इथे फळ्यावर ओहोटी लागते. समजा, पाणी तासाला ३० सेंटिमीटर उतरतंय. म्हणजे ऋण ३०. आणखी दोन तासांनी पाणी आत्तापेक्षा ६० सेंटिमीटर खाली असेल : ऋण ३० गुणिले २, ऋण ६०. आता मागे जा. दोन तासांपूर्वी, म्हणजे ऋण २. तेव्हा पाणी कुठे होतं? आत्तापेक्षा ६० सेंटिमीटर वर. झालं धन ६०.

मागच्या बाकावरून आवाज येतो, “पण सर, पाणी काय असा सारख्या उतरणा नाय. पयला हळू जाता, मगे भराभर.”

मुलगा बरोबर आहे. सुरुवातीला आणि शेवटी पाणी रेंगाळतं, मधल्या दोन तासांत सर्वांत वेगाने जातं. सर कबूल करतात आणि फळ्यावरच्या ‘समजा’ या शब्दाखाली रेघ ओढतात. या सत्रात मी पाहिलेल्या तासांतला हा सगळ्यांत चांगला तास.

[दृश्य : प्रयोगशाळेचं कपाट, प्लॅस्टिकचा कंगवा, कागदाचे कपटे.]

विज्ञानाचं नशीब इतकं चांगलं नाही. स्थितिक विद्युत हा धडा. कंगवा केसांवर घासायचा, कागदाचे कपटे उडून चिकटले पाहिजेत. मालवणच्या पावसाळ्यात कपटे ढिम्म हलत नाहीत. हवा इतकी दमट की कंगव्यावर प्रभार टिकतच नाही. बाईंनी कापड इस्त्रीने शेकवून पाहिलं. दोन कपटे उठले आणि पडले. प्रयोग डिसेंबरवर गेला. हा धडा दुसऱ्या सत्रात ठेवला तर किनाऱ्यावरच्या शाळा दुवा देतील.

अन्न टिकवण्याच्या पद्धतींना मात्र प्रयोगशाळा लागत नाही. वाळवणे, खारवणे, थंड ठेवणे. मासेमारी बंद असताना घरोघरी डब्यातून निघतो तो सुका जवळा, खारवलेला बांगडा. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं आणि सूक्ष्मजीवांना वाढायला ओल उरत नाही. बाई विचारतात, घरात काय काय टिकवून ठेवलंय? यादी आमसुलांपासून सुरू होते आणि तास संपला तरी थांबत नाही.

[दृश्य : किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग. उसळता समुद्र.]

इतिहासात स्वराज्याचा कारभार, आणि त्यात आरमार. गुराब, गलबत, पाल ही जहाजं. दौलतखान आणि मायनाक भंडारी हे आरमाराचे अधिकारी. समोर कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात ज्याचं बांधकाम सुरू झालं तो किल्ला. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. वर्गाच्या खिडकीतून तट मोजता येतो, पण तिथे जाता येत नाही, होडी बंद. मुलं तरीही एक प्रश्न काढतातच. चारी बाजूंनी खारं पाणी, मग आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं कसं? इतिहासाच्या बाई त्यांना विज्ञानाच्या बाईंकडे पाठवतात. उत्तर येतं : बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वर राहतं. वेळापत्रकात हे दोन तास वेगळ्या वारी आहेत.

नागरिकशास्त्राच्या वाट्याला शनिवारची सकाळ येते. उद्देशिका परिपाठात रोज म्हटली जाते, त्यामुळे ती बिनचूक येते. ‘गणराज्य म्हणजे काय’ असं विचारलं की वर्ग शांत.

[दृश्य : ऑक्टोबर. ऊन. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.]

दिवाळीच्या आधी संकलित मूल्यमापन. भूगोलात ‘भरती-ओहोटीची कारणे लिहा’ हा ठरलेला प्रश्न, आणि त्याची उत्तरं बहुतेक सारखीच, मार्गदर्शकातून उतरलेली. गणिताच्या सरांनी मात्र शेवटी एक प्रश्न पदरचा घातला : आजोबांच्या हिशोबाने नवमीला भरती किती वाजता?

नऊची पाऊणपट, सहा पूर्णांक पंचाहत्तर शतांश. बऱ्याच जणांनी पावणेसात लिहिलं. काहींनी लिहिलं, ‘सहा वाजून ७५ मिनिटे’. सरांनी त्यांना अर्धा गुण दिला आणि समासात लिहिलं, ‘घरी विचारून ये.’