शाई हिरवी, शब्द लाल

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांच्या दप्तरातले स्केचपेन घेऊन कागदावर रंगांची नावे लिहा. मात्र 'लाल' हा शब्द हिरव्या शाईने लिहा आणि 'निळा' हा लाल शाईने. मग घरातल्या शिकलेल्या माणसाला शब्द न वाचता केवळ शाईचा रंग भराभर सांगायला लावा. तो अडखळेल, आणि बहुधा स्वतःवरच हसेल.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 साली याच गोष्टीचे मोजमाप प्रसिद्ध केले. रंगाचे नुसते शंभर चौकोन ओळखायला लोकांना सरासरी 63 सेकंद लागत होते, पण तेच रंग भलत्याच रंगांच्या नावांत भरले तेव्हा वेळ 110 सेकंदांवर गेला. उलट, शब्दच वाचायचे असतील तर शाईच्या रंगाने जेमतेम दोन सेकंदांचा फरक पडला. वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की नको म्हटले तरी डोळा अक्षर उचलतोच, रंगाचे नाव मात्र मनाला शोधावे लागते. म्हणूनच अक्षरओळख नसलेली आजी या खेळात शिकलेल्या नातवाला सहज हरवते. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवर तेलुगू अक्षरांत लिहिलेले रंग ती लिपी न येणाऱ्याला काहीच त्रास देत नाहीत.

आता फवारणीचे दिवस आहेत, म्हणून थोडे औषधाच्या डब्याकडे वळतो, कारण तिथेही कामाच्या रंगाआधी डोळा भलतेच काही उचलतो. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. परंतु भोवती टवटवीत पऱ्हाटीचे चित्र, कंपनीचे ठसठशीत नाव आणि हिरवेगार वेष्टन असते, ज्यांचा विषारीपणाशी काडीचाही संबंध नसतो. माझ्या मते, कामाची खूण इतकी लहान आणि बिनकामाची सजावट इतकी मोठी ठेवणे हे वाचणाऱ्याच्या लक्षाशी केलेले वैरच आहे. तेव्हा कृषी केंद्रात डबा हाती आला की नाव वाचण्याआधी तो चौकोन शोधावा. तो हिरवा निघाला तरी आत विषच असते, त्यामुळे हातमोजे आणि तोंडावरचे फडके धुऱ्यावर ठेवून चालणार नाही.