सपाट रस्त्यावरचा घाट: थरच्या वाळवंटातला सायकलचा एक दिवस

बेळगावच्या सायकलवाल्याला विचारा, अवघड राईड कुठली? कुणी चोर्ला घाट म्हणेल, कुणी आंबोली. येळ्ळूरचा राजहंसगड धापा टाकत चढलेला असेल तर तो तेही सांगेल. आणि जैसलमेरचं नाव काढलं की म्हणतील, "तिथं काय, सगळं सपाटच की! दिवसाला दीडशे सहज." हे 'सहज' आज जरा तपासूया.

[स्क्रीनवर नकाशा: जैसलमेर, रामगढ, तनोट]

हा रस्ता बघा. जैसलमेर ते तनोट, साधारण १२० किलोमीटर, निम्म्यावर रामगढ. चढ म्हणावा असा नाहीच. पण आपल्या घाटात काय होतं? तासभर चढलात की पुढं उतार असतो. पाय थांबतात, सीटवरनं उठता येतं, मनगटं मोकळी होतात. सपाटीला ही सुट्टी नाही. पेडल थांबलं की सायकल थांबली. सहा-सात तास तीच बैठक. त्यामुळं थरमध्ये मांड्यांच्या आधी बूड आणि तळहात बोलायला लागतात.

आणि घाट तिथंही आहे, तो वाऱ्यात आहे. तुम्ही ताशी २० नं चाललाय आणि समोरनं २० चाच वारा आला, तर हवा तुमच्यावर ४० नं आदळते. तिचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दुप्पट नाही, चौपट! आडोशाला ऊस नाही, बांध नाही, घरांची रांग नाही. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेच्या अंगानं असतो आणि तनोट आहे वायव्येला. जाताना तो तोंडावरच येणार.

म्हणून दिवस वाऱ्यावरनं आखायचा. सकाळी हवा शांत असते, जमीन तापली की दुपारी वारा उठतो, संध्याकाळी पडतो. जानेवारीत बेळगावला सातच्या सुमाराला सूर्य उगवतो, जैसलमेरला साडेसात वाजतात. पहाटे पारा आठ अंशांच्या आसपास, अंथरूण सोडवत नाही. चहा-पोह्यांत नऊ वाजवलेत तर दिवसातला सगळ्यात स्वस्त वेळ गेला म्हणून समजा. हातमोजे घाला आणि उजाडताच निघा.

[पवनचक्कीचा फोटो, जवळून]

जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्या भरपूर. आपल्या सौंदत्तीकडं आहेत तशाच. पाती नेहमी वाऱ्याकडं तोंड करून असतात. पुढच्या चक्कीची पाठ, म्हणजे पात्यांमागचा डबा आपल्याकडं दिसला, तर वारा समोरनं आहे. पाती आपल्याकडं बघत असतील तर वारा पाठीवर. हसा आणि गिअर टाका. ॲपपेक्षा मला हे बरं वाटतं, रेंज लागत नाही.

आता पाणी. जुलैत खानापूरकडं सायकल मारली की शर्ट अंगाला चिकटतो. थरमध्ये शर्ट कोरडाच राहतो, वाटतं घामच आला नाही. कोरड्या हवेत घाम निघतो तसा उडून जातो. मागं राहतात पाठीवर, टोपीच्या पट्टीवर मिठाचे पांढरे नकाशे. तहान लागायची वाट बघू नका, थोडं थोडं पीत राहा. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएस घ्या, नाहीतर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच हं! निदान चार लिटर पाणी सायकलवर पाहिजे. चार लिटर म्हणजे चार किलो, तेव्हा बाकीचं सामान घरी ठेवा.

खायला काय? कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अथणी-विजयपूरकडची ही भाकरी आठवडाभर टिकते आणि हवा जितकी कोरडी तितकी खुसखुशीत राहते. रामगढला ढाब्यावर केर-सांगरीची, म्हणजे वाळवंटातल्या फळा-शेंगांची भाजी मिळाली तर सोडू नका. तीही वाळवून ठेवायचीच वस्तू, कोरड्या मुलखाची अक्कल सगळीकडं सारखी.

डांबरावर वाळू आलेली दिसली की पुढचा ब्रेक दाबू नका, चाक रुतून सरळ आडवे व्हाल. उतरून ढकला, लाज कसली? साखळीला चिकट तेल नको, वाळू धरून ती कानस होते; मेणाचं कोरडं वंगण लावा. आणि सायकल रस्त्याच्या कडेला गवतात घालू नका. बाभळीचे काटे आणि सराटे तिथंही आहेत. जादा ट्यूब दोन.

तयारी कुठं करायची? आपण सगळे पश्चिमेला पळतो, हिरवळ बघायला. थरला जायचं असेल तर सायकल पूर्वेला वळवा. चिकोडी, रायबाग, अथणी, पुढं तेलसंगवरनं विजयपूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारच्या वाऱ्यात हा पट्टा मारा. मोबाईल खिशात, गाणी बंद, चार तास न थांबता पेडल. कंटाळा येणार, त्याचाच सराव करायचाय.

जायला बेळगाववरनं जोधपूरची थेट एक्सप्रेस आहे. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात बुक करा, पेडल काढून पिशवीत, हँडल आडवं, मागचा गिअर पुठ्ठ्यात गुंडाळलेला. पावती सांभाळा, जोधपूरला तीच मागतात.