रिकामा पिंजरा आणि वर्षाचं पोर

श्रोतेहो, नमस्कार. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात भव्य पुतळे पुष्कळ आहेत. आज बोलायचं आहे ते जेमतेम 47 सेंटिमीटर उंचीच्या एका संगमरवरी पोराबद्दल. उघडं, गुबगुबीत, बसलेलं. जवळ पिंजरा आहे, पण आतला पक्षी उडून गेलाय.

शिल्पकार झाँ-बातिस्त पिगाल. शिल्प 1749 सालचं. पॅरिसच्या सालों प्रदर्शनात ते मांडलं गेलं 1750 मध्ये. काम सांगितलं होतं दरबारी सावकार पारी द मोंमार्तेल यांनी, आणि पोरही त्यांचंच, तेव्हा वर्षभराचं. (हाच मुलगा पुढे मार्क्वी द ब्र्यूनवा झाला आणि वडिलांची दौलत उधळण्यासाठी गाजला.) त्या काळी लहान मूल कोरायचं म्हणजे बहुधा पंख लावलेला मदन. पिगालनं पंख काढून टाकले आणि खरं मूल बसवलं. मोठेपण इथंच आहे.

आता त्या मांसलपणाकडे बघा. तान्ह्या मुलाच्या दंडा-मांडीला वळ्या पडतात ना, त्या दगडात आणणं फार कठीण. वळी उथळ राहिली तर सावली साचत नाही, अंग ठोकळ्यासारखं दिसतं. जास्त खोल गेली तर दोरीनं आवळल्यासारखी दिसते. आधी टोकाच्या छिन्नीनं दगड उतरवायचा, मग दातेरी छिन्नी, मग सपाट, मग कानस, शेवटी प्युमिस या सच्छिद्र, खरखरीत दगडाची घासाई. ही घासाई वेळीच थांबवावी लागते. संगमरवरात उजेड किंचित आत शिरतो, म्हणून तो कातडीसारखा भासतो. घासत राहिलं की वरच चकाकी येते आणि बारीक वळणं पुसली जातात.

संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून उभ्या पुतळ्याच्या पायाशी आधाराला झाडाचा बुंधा कोरलेला दिसतो. बसलेल्या पोराला तो लागत नाही. बोटं, पिंजऱ्याचे गज असे नाजूक भाग मात्र अखेरीस सामत्यानं, म्हणजे भोक पाडायच्या हत्यारानं, आणि कानशीनंच सोडवायचे. हातोडीचा एक ठोका चुकला की तुकडा हातात येतो.

तुमच्या देव्हाऱ्यात संगमरवरी मूर्ती असेल, तर पितळेला लावतो ती चिंच किंवा लिंबू तिला लावू नका. आम्लानं वरचा थर विरघळतो आणि गालावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं झटका. उचलताना मूर्तीचा हात धरू नका, खालून बैठकीला आधार द्या.