हजारातले साडेतीनशे

प्राचार्य महोदय, सहकारी प्राध्यापक आणि कार्यालयातल्या मित्रहो,

1994 हे साल मराठवाड्यातला माणूस विसरत नाही. त्या वर्षी 14 जानेवारीला आपल्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला, 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी तिकडे बंगळूरला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नॅकची स्थापना केली; महाविद्यालयांचं आणि विद्यापीठांचं मूल्यांकन करून मानांकन देणारी ही संस्था. पहिल्या गोष्टीसाठी आपल्या भागाने किती सोसलं, हे या सभागृहात सांगायला नको. तिसरी माझ्या कानावरसुद्धा आली नव्हती. पुढे आयुष्यातली बरीच वर्षं मी तिच्याच फायलींत घालवली, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

नॅकची वाट तुम्हाला माहीत आहे, तरी नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. 2017 साली जी पद्धत आली तिच्यात महाविद्यालय आधी आयआयक्यूए भरतं, म्हणजे आम्ही मूल्यांकनाला तयार आहोत असं कळवतं. त्यानंतर एसएसआर, आपला स्वयंमूल्यांकन अहवाल. त्यातल्या आकड्यांची पडताळणी डीव्हीव्हीत होते, विद्यार्थ्यांना समाधान सर्वेक्षणाचे प्रश्न थेट ईमेलवर जातात, आणि शेवटी पिअर टीम, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांची पाहणी समिती, येते. सात निकष, हजार गुण, त्यावरून चारपैकी सीजीपीए, म्हणजे सरासरी गुणांक. 3.51 किंवा त्याहून वर असेल तर ए डबल प्लस ही श्रेणी, दीड किंवा त्याखाली असेल तर मानांकनच नाही. श्रेणी पाच वर्षं टिकते, आणि मधल्या प्रत्येक वर्षी आयक्यूएसीने, म्हणजे महाविद्यालयातल्या गुणवत्ता हमी कक्षाने, एक्यूएआर हा वार्षिक अहवाल पाठवायचा असतो.

आता त्या हजार गुणांकडे नीट बघा. पिअर टीमची तारीख कळली की आपण पहिला फोन पेंटरला करतो. कुंड्या येतात, फलक येतात, फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सगळं चकाचक होतं. इमारत, ग्रंथालय, संगणक, मैदान हे सगळं धरून पायाभूत सुविधांना गुण आहेत शंभर. संलग्न महाविद्यालयात अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या एका निकषाला साडेतीनशे आहेत. विद्यापीठाचं गणित वेगळं आहे. तिथे संशोधनाला अडीचशे आणि अध्यापनाला दोनशे. पण आपण विद्यापीठ नाही. आपल्याला विचारलं जातं ते मुख्यतः एकच: वर्गात काय चालतं?

विद्यार्थ्यांच्या त्या समाधान सर्वेक्षणाचा पहिला प्रश्नही हाच आहे. वर्गात अभ्यासक्रम किती शिकवला गेला? वरचा पर्याय 85 ते 100 टक्के, खालचा 30 टक्क्यांहून कमी. आम्ही एका वर्षी ठरवलं की नॅक विचारेल तेव्हा विचारेल, आधी आपण कागदावर विचारून पाहू. बीएच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने मधल्या पर्यायावर खूण केली होती आणि बाजूच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: सर, पहिला तास मला मिळतच नाही, गाडी पावणेअकराला येते.

पहिला तास होता दहा वीसला. मी हजेरीपट काढला. त्या रस्त्यावरच्या गावांतून येणाऱ्या अकरा मुली होत्या, आणि इतिहासाच्या तासाला त्या अकराही नावांपुढे जुलैपासून गैरहजेरीच्या फुल्या. आम्ही त्यांना आळशी समजत होतो. मी स्वतः वर्गात तसं बोललो होतो. मुलीने घरून डबा घेऊन निघायचं, फाट्यापर्यंत चालत यायचं, एसटीची वाट बघायची, आणि वर्गाच्या दारात आल्यावर मास्तरांचं बोलणं खायचं. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

विषय आयक्यूएसीच्या बैठकीत घेतला. प्राचार्यांनी आगाराला पत्र दिलं. गाडी लवकर सोडता येणार नाही असं आगारातून कळलं, त्यांचीही अडचण खरी होती. मग वेळापत्रकच बदललं आणि इतिहासाचा तास अकराला घेतला. दिवाळीनंतरच्या हजेरीपटात त्या फुल्या जवळजवळ गेल्या. समासात लिहिलेला तो कागद, बैठकीचं इतिवृत्त, आगाराचं पत्र आणि दोन हजेरीपट, एवढं एका पातळ फायलीत मावलं. अभिप्राय, विश्लेषण, कृती अहवाल असे जड शब्द आपण वापरतो ना, त्यांचा अर्थ मला त्या फायलीने शिकवला. गुणवत्ता हमी याहून वेगळी काही असते असं मला वाटत नाही.

आता माझी चूकही सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. आमच्या एनएसएसच्या पोरांनी एका गावात सलग तीन हिवाळे ओढ्यावर बांध घातले. दुष्काळी गाव, पोरांच्या हाताला फोड यायचे, आयाबाया भाकरी घेऊन यायच्या. काम खणखणीत होतं. एसएसआरमध्ये मी ते हौसेने लिहिलं. डीव्हीव्हीने पुरावा मागितला. माझ्याकडे फोटो ढीगभर होते. एकावरही तारीख नाही, गावाचं नाव नाही, मुलांच्या सह्यांची यादी नाही, ग्रामपंचायतीचं पत्र नाही. काम धरलं गेलं नाही. समन्वयक मी होतो, दोष माझाच. पोरांना काय सांगायचं ते मला सुचेना.

अशा वेळी मागच्या तारखा घालून कागद तयार करायचा मोह होतो. एका महाविद्यालयात पाच वर्षांची इतिवृत्तं मी पाहिली आहेत. एकच हस्ताक्षर, एकच शाई, पानांना साधी घडीसुद्धा पडलेली नाही. असं करू नका. 2025 च्या फेब्रुवारीत चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना सीबीआयने अटक केली. ती बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. रात्र रात्र जागून खरे कागद लावणाऱ्या किती प्राध्यापकांच्या कष्टाला त्याने डाग लागला!

काही दुखणी आयक्यूएसीच्या हातातली नाहीत, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. मंजूर पदांपैकी पूर्णवेळ प्राध्यापक किती, याला नॅकमध्ये गुण आहेत. पदं रिकामी आहेत आणि विभागाचा गाडा सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेली, तरुण माणसं ओढत आहेत. ती मन लावून शिकवतात, पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्यांना ठाऊक नसतं. मेंटॉर म्हणून त्यांच्याकडे वीस मुलं सोपवायची तरी कशी? पदं शासनाने भरली पाहिजेत. एसएसआर कितीही सुंदर लिहिला तरी रिकामी खुर्ची भरत नाही.

आणि ऊसतोडीचं काय? दसरा-दिवाळीनंतर आपल्या बीड जिल्ह्यातली घरंच्या घरं कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यातली काही पोरं आपल्या पटावर आहेत. फडातून मोबाईलवर नोट्स मागणारा मुलगा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. त्याच्यासाठी तुम्ही मार्चनंतर जादा तास घेता, हे मला माहीत आहे. ते लिहून ठेवा. कोणता विषय, किती तास, कोण बसलं होतं, त्याच दिवशी लिहा. नॅकच्या सातव्या निकषात महाविद्यालयाचं वेगळेपण आणि चांगल्या प्रथा विचारल्या जातात, तिथे आपण वृक्षारोपण लिहितो. अहो, तुमचं वेगळेपण हे जादा तास आहेत.

आता श्रेणी जाऊन पद्धत बदलते आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून नॅकने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं की आधी मानांकित किंवा अमानांकित एवढंच ठरेल, आणि पुढे एक ते पाच असे स्तर असतील. भर राहणार तो माहितीवर आणि तिच्या पडताळणीवर. घाबरू नका. हजेरीपट, इतिवृत्त, मुलांच्या चिठ्ठ्या या गोष्टी कुठल्याही पद्धतीत लागणारच आहेत.

चहानंतर आपण विभागवार बसणार आहोत. येताना एसएसआरचा मसुदा आणू नका. जूनपासूनचे हजेरीपट आणा, आणि मुलांकडून भरून घेतलेले अभिप्रायाचे कागद आणा. कुणी समासात काही लिहिलंय का, ते आधी पाहू.