गणित सोडावं का?

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडे आधी चौकशी होते ती क्लासची. विषयांवर फारसं कुणी बोलत नाही. प्रश्न आलाच तर एवढाच, ‘सर, अकरावी सायन्सला मॅथ्स सोडू का?’ आज त्यावरच बोलू.

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी जी नीट परीक्षा द्यावी लागते, तिला गणित नाही. 180 प्रश्न, 720 गुण. त्यांत बायोलॉजीचे 90 प्रश्न, फिजिक्स-केमिस्ट्रीचे 45-45. एमबीबीएसच्या पात्रतेलाही बारावीचे याच तीन विषयांचे गुण धरतात: खुल्या प्रवर्गाला 300 पैकी 150, राखीवला 120, शिवाय इंग्रजीत उत्तीर्ण. म्हणून गणिताऐवजी भूगोल घेतला तर नियमात बसतं.

पण मॅथ्स सोडलं तरी फिजिक्समधलं गणित सुटत नाही. सदिश, आलेखाचा चढ, साधं डेरिव्हेटिव्ह, साधं इंटिग्रेशन अकरावीच्या सुरुवातीलाच लागतं. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉग, पहिल्या कोटीच्या अभिक्रियेला लॉग, नर्न्स्टच्या समीकरणातही लॉग. बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल चालतं. नीटला ना टेबल, ना कॅल्क्युलेटर. तिथं लॉग 2 म्हणजे 0.3010 आणि लॉग 3 म्हणजे 0.4771 हे तोंडपाठच हवं. पीसीबीची, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेऊन मॅथ्स सोडलेली पोरं बायोलॉजी चांगली सोडवतात आणि फिजिक्समध्ये अंदाजाने गोळे रंगवतात; चुकलं की दरवेळी एक गुण वजा. तेव्हा मॅथ्स सोडणाऱ्यांनी उन्हाळ्यातच एवढा भाग वहीत सोडवून काढावा. नुसते व्हिडिओ पाहून हात बसत नाही.

आता नीटमध्ये जमलं नाही तर? बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, परभणी-उदगीरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं, सगळीकडे पुन्हा नीटच लागते. पीसीबीवर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून बी.फार्म. आणि बी.एस्सी. कृषी मिळू शकतं. इंजिनिअरिंग मात्र नाही, फिजिक्स किंवा स्टॅटिस्टिक्समधली बी.एस्सी.ही अवघड. आयसर या विज्ञान-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत 60 पैकी 15 प्रश्न गणिताचे असतात. संशोधनाची ओढ असलेल्या मुलाने मॅथ्स सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सरसकट पीसीएमबी, म्हणजे मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घ्यावं का? तसंही नाही. नीटला गणिताचे गुण मोजत नाहीत, पण बोर्डात त्याचे 100 पैकी 35 लागतातच. गणितात नापास म्हणजे बारावी नापास. नीटचा स्कोअर कितीही असो, प्रवेश अडतो. दहावीचं बीजगणित उदाहरणं पाठ करून निभावलं असेल तर पीसीबीच बरं. गणित समजून सुटत असेल तर चारही विषय ठेवा. सीईटीला पीसीएम (बायोलॉजीऐवजी मॅथ्स) आणि पीसीबी हे दोन्ही ग्रुप देता येतात.

पीसीएम घेऊन नंतर डॉक्टरकीकडे वळावंसं वाटलं तरी वाट आहे. बारावीनंतर बायोलॉजी हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी नीटला पात्र धरायचे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये जाहीर केलं. बोर्डाचा तुरळक विषयाचा, म्हणजे सुटा एखादा विषय देण्याचा फॉर्म त्यासाठी आहे. फॉर्म भरतानाच कॉलेजात प्रॅक्टिकलची सोय विचारून घ्या. त्याचे 30 गुण असतात.