नवं काढताना विचारायचं कुणाला?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'उद्योगातली सर्जनशीलता आणि तिच्या सामाजिक मर्यादा'. मर्यादांकडे येतोच, पण आधी एका माणसाची गोष्ट सांगू द्या. ती मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही.

टॉमस मिजली. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातला अभियंता. त्या काळी गाडी चढाला लागली की इंजिनातून ठोके यायचे, ताकद वाया जायची. मिजलीनं नाना पदार्थ पेट्रोलमध्ये घालून पाहिले आणि डिसेंबर १९२१मध्ये टेट्राएथिल लेडवर ठोके थांबले. लेड म्हणजे शिसं. ते विषारी असतं हे शतकानुशतकं ठाऊक होतं. १९२३मध्ये माल बाजारात आला तो 'एथिल' या नावानं, शिशाचा उल्लेख न करता. अल्कोहोल मिसळूनही ठोके कमी होत, पण त्याचं पेटंट कोण देणार?

१९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार दगावले. काहींना मरण्याआधी भ्रम होत होते. त्यानंतर मिजलीनं पत्रकारांसमोर त्याच द्रवानं हात धुतले, त्याचा वास घेऊन दाखवला. आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे तो स्वतः रजेवर गेला होता! तो लबाड होता म्हणून आपण मोकळं होऊ नये. त्यानं स्वतःच्या अंगावर धोका घेतला, पण रस्त्याकडेला राहणाऱ्या पोरांना कुणी विचारलं? हार्वर्डमधल्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन तेव्हाच ओरडून सांगत होत्या. पुढे कित्येक दशकं शिशावरचं बरंचसं संशोधन त्याच उद्योगाच्या पैशावर चाललं. जगातल्या शेवटच्या पंपावरून शिशाचं पेट्रोल हटलं ते २०२१मध्ये. शंभर वर्षं, मंडळी.

आणि फ्रिजमधला फ्रिऑन? तोही मिजलीच्याच चमूचा. आधीचे वायू गळले तर माणसं मरत, म्हणून हा निर्धोक वायू शोधला. हेतू चांगलाच होता. तो ओझोनचा थर खातो हे १९७४मध्ये मांडलं गेलं आणि असे वायू आवरण्याचा माँट्रियलचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९८७ उजाडलं.

मी स्वतः अशा बैठकांत बसलोय. नव्या उत्पादनाचं सादरीकरण रंगात येतं, कुणीतरी विचारतं, 'याचं पुढे काय होईल?' आणि सगळे त्याच्याकडे नकारघंटा वाजवल्यासारखं बघतात. ज्यानं विचारलं त्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं येत नाही. याचा मला मनापासून राग आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मर्यादा. पहिली, जे परत घेता येणार नाही ते सगळ्यांवर एकदम सोडू नये. हवेत गेलेलं शिसं कुणी वेचून आणत नाही. दुसरी, धोका तपासणाऱ्याचा पगार विकणाऱ्याच्या खिशातून येऊ नये. तिसरी, ज्याला वापरायचंय त्याला पूर्ण सांगा. बोइंग ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी नवी प्रणाली होती. वैमानिकांच्या पुस्तिकेत ती समजावलेलीच नव्हती. दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. पहिला ऑक्टोबर २०१८मध्ये, दुसरा मार्च २०१९मध्ये. मधले चार-पाच महिने ही विमानं उडतच होती.