पाऊण रतल

(दृश्य : करी रोड. चाळीतलं स्वयंपाकघर. वजनकाट्यावर एक परात, परातीत ज्वारीचं पीठ.)

काटा ३४० ग्रॅमवर थांबला. आजींनी परात उचलून हातात तोलली आणि पुन्हा काट्यावर ठेवली.

"एका माणसाचं? अख्ख्या दिवसाचं?"

"हो आजी."

"गडीमाणसाचं?"

"हो."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. पिठात आधणाचं पाणी ओतलं आणि मळायला बसल्या. भाकरी झाल्या तीन. दोन नेहमीच्या, तिसरी लहान, कारण पीठच संपलं. ती तिसरी भाकरी त्यांनी तव्यावर जरा जास्त वेळ ठेवली.

३४० ग्रॅम म्हणजे १२ औंस. तेव्हाच्या मुंबईच्या बोलीत पाऊण रतल. फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने शहरातल्या माणसाचा रोजचा धान्याचा शिधा एका रतलावरून पाऊण रतलावर आणला. तांदूळ, गहू, जोंधळा, सगळं धरून पाऊण रतल. कागदावर त्याचे उष्मांकही मांडलेले होते, १,२००. अंगमेहनत करणाऱ्यांना थोडा जादा शिधा होता. त्यांच्या बायकापोरांना तो नव्हता, आणि घरात धान्य पडतं ते एकाच डब्यात.

त्याच महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर दोन दिवस गोळीबार चालला. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव आहे नौदलाचं बंड. बंड झालं, आणि ते मोठंच होतं. पण जहाजं होती बंदरात आणि माणसं मेली परळला. बंदर ते परळ हे अंतर पुस्तकात कुणी नीट चालून दाखवत नाही. आम्हाला ते चालायचं आहे.

(दृश्य : लालबाग, पहाटेची वेळ. बंद गिरणीची चिमणी. चाळीचा जिना.)

शिधा कापण्यामागचं सरकारचं कारण खोटं नव्हतं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि त्यामुळे या शहरावर बंगालची पाळी आली नाही, हेही खरं. मग १९४५ चा पाऊस दख्खनमध्ये आणि दक्षिणेत दगा देऊन गेला. जगातच धान्याचा तुटवडा होता.

पण हे सगळं चाळीत पोचतं कसं? दिल्लीतला निर्णय गल्लीत आला तो कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातून. बाई कार्ड आणि पिशवी घेऊन रांगेत उभी राहते. तिची पाळी येते. दुकानदार माप टाकतो, आणि पिशवी घरी नेताना हाताला कळतं की ती हलकी आहे. लढाई चालू होती तेव्हा रतलभर मिळत होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये लढाई संपली, सरकार जिंकलं, आणि सहा महिन्यांत पाऊण रतल. हे तिला कोणत्या तोंडाने समजावणार?

गिरणी कामगाराला महागाई भत्ता होता. तो जोडलेला होता भावांच्या निर्देशांकाला. भाव चढले की भत्ता चढायचा. पण भाव तोच ठेवून वजनच उतरवलं तर? त्या पाव रतलाची भरपाई कुठल्याच निर्देशांकात बसत नव्हती. ती काळ्या बाजारात जाऊन करायची, तिथल्या भावाने.

खाणावळवाल्या बाईंसमोर तर साधा पेच होता. गावाहून एकटे आलेले, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी तिच्याकडे जेवायचे. त्यांच्या पुढ्यात भाकऱ्या कमी टाकायच्या की भाकरी लहान करायची?

(दृश्य : कुलाबा. समुद्र. दूरवर नौदलाचं जहाज.)

लढाई संपल्यावर सरकारचा हात आखडला तो नुसत्या धान्यातच नव्हे. लढाईसाठी भरती केलेली पोरं आता सरकारला जड झाली होती. नौदलातले हजारो खलाशी घरी पाठवायचे होते. घरी जाऊन करायचं काय, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं आणि सरकारजवळही नव्हतं. त्यांच्या मागण्यांमध्ये गोऱ्या खलाशांइतका पगार होता, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि सेवेतून लवकर मोकळं करून रोजगार द्या, हेही होतं. जेवणाची तक्रार तर सगळ्यात आधीची.

सोमवार, १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारलं आणि काम थांबवलं. त्यांची घोषणा होती, अन्न नाही तर काम नाही. दोन-तीन दिवसांत संप जहाजाजहाजांवर पसरला. डोलकाठ्यांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र चढले.

गुरुवारी, २१ तारखेला, फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्स या खलाशांच्या तळाला गोऱ्या सैनिकांनी वेढा घातला. आज तिथे नौदलाचा आयएनएस आंग्रे हा तळ आहे. आतून-बाहेरून कित्येक तास गोळ्या चालल्या. नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून बजावलं की वेळ पडली तर सगळं नौदल नष्ट झालं तरी चालेल, पण शिस्त मोडू देणार नाही.

आणि त्याच दिवशी मुंबईची माणसं गेटवेवर जेवण घेऊन गेली. खलाशांचा अन्नपुरवठा तोडलेला होता, म्हणून कुणी फळं आणली, कुणी पाव, कुणी घरचे डबे. हॉटेलवाल्यांनी लोकांना सांगितलं, लागेल ते न्या आणि पोरांना द्या. या शहराचा शिधा नुकताच कापलेला होता. ज्या घरांतून ते डबे निघाले, त्या घरांत त्या रात्री कुणीतरी कमी जेवलं असणार. ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून ती जात नाही. बंदर ते परळ हे अंतर त्या डब्यांनीच तोडलं, असं मला वाटतं.

(दृश्य : परळ नाका, दुपार. रहदारीचा आवाज हळूहळू बंद होतो.)

शुक्रवार, २२ फेब्रुवारी. कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली. अरुणा असफ अली आणि अच्युत पटवर्धन या काँग्रेसमधल्या समाजवादी नेत्यांनी पाठिंबा दिला. सरदार पटेलांचं म्हणणं होतं की शहराने आपले व्यवहार नेहमीसारखे चालू ठेवावेत. शहराने त्या दिवशी ते ऐकलं नाही. सुमारे ३ लाख कामगार कामावर गेले नाहीत.

सकाळी मोर्चे होते, घोषणा होत्या. मग पोलीस आले, लाठ्या आल्या, दगड आले. दगडामागून गोळी आली. गल्ल्यांच्या तोंडाशी अडथळे उभे राहिले. पोलीस चौक्या पेटल्या, टपाल कचेऱ्या पेटल्या. चाळींच्या गॅलऱ्यांमधून दगड येऊ लागले तशा गोळ्या गॅलऱ्यांकडे वळल्या. गिरणगावात हे चाललं होतं, आणि तिकडे भेंडीबाजारातही. हिंदू वस्ती, मुसलमान वस्ती असा फरक त्या दोन दिवसांत राहिला नाही. पोलिसांना आवरेना तेव्हा लष्कराच्या दोन पलटणी शहरात उतरल्या.

परळमध्ये त्या दिवशी परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या रस्त्यावर होत्या. रेशनच्या रांगेतल्या बायकांमध्ये ज्यांचं रोजचं काम, त्याच या बायका. लष्कराचा ट्रक आला आणि गोळीबार झाला. कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली. कमल दोंदे मारल्या गेल्या. त्यांच्या सोबतच्या अहिल्या रांगणेकर थोडक्यात वाचल्या.

(दृश्य : काळा पडदा. एकेक आकडा उमटतो.)

सरकारी आकडा : २२८ नागरिक ठार, १,०४६ जखमी. पोलिसांपैकी ३ ठार, ९१ जखमी.

नासधुशीचीही मोजदाद झाली. ३० दुकानं. १० टपाल कचेऱ्या. १० पोलीस चौक्या. रस्त्यावरचे २०० दिवे. आणि धान्याची ६४ दुकानं.

चौसष्ट.

या आकड्यापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. चौकी का फोडली, ते समजतं. टपाल कचेरी सरकारची, तेही समजतं. पण गोळ्या चालू असताना, आपलीच माणसं पडत असताना, गर्दी धान्याच्या दुकानाकडे का वळली? एकदा नाही, चौसष्ट वेळा?

दंगलीत गुंड शिरतात, हे उत्तर तयारच असतं, आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. भुकेल्याने धान्य पळवलं, हेही खरं असेल. पण मला त्या पाठीमागे माप दिसतं. कपात कुणी केली, कुठल्या टेबलावर केली, ते परळच्या माणसाने पाहिलेलं नव्हतं. त्याने पाहिलेलं होतं फक्त हलकं माप, आणि ते माप या दुकानात होतं. जहाजावरच्या पोरांनी जेवण झिडकारून सुरुवात केली होती. गिरणगावाच्या हाताला त्याच रागाची जी वस्तू लागली, ती ही.

त्यात त्यांचं नुकसान झालं, हे मला लपवायचं नाही. त्या दुकानातलं धान्य त्याच गल्लीचं होतं. दुकान जळलं म्हणून सरकार उपाशी राहिलं नाही, आणि दुकानदारही बहुतेक दुसऱ्याचा हुकूम पाळणारा साधा माणूस होता. पुढच्या आठवड्यात कार्ड घेऊन बाईला कुठल्या तरी लांबच्या रांगेत जावं लागलं असणार. पण चुकलं म्हणून तो राग खोटा ठरत नाही. ज्यांनी त्यावर गोळ्या चालवल्या, त्यांचा हिशेब २२८ आहे.

शनिवारी, २३ तारखेला सकाळी, पटेलांच्या शब्दावर आणि लीगच्या सल्ल्यावर खलाशांनी शरणागती पत्करली. एक-दोन दिवसांत शहरही निवलं. गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले.

कुलाब्याला खलाशांचं स्मारक आहे, आणि ते असायलाच हवं. परळच्या त्या दुपारचं काय, हे विचारायला आम्ही नाक्यावर उभे राहिलो, तर कमल दोंदे हे नाव तिथे आम्ही विचारलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

(दृश्य : पुन्हा करी रोडचं स्वयंपाकघर. भिंतीवर खिळ्याला टांगलेलं लाटणं.)

अहिल्या रांगणेकर पुढे याच रस्त्यांवर राहिल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर रेशनवर धान्य पुरेना, तेल मिळेना, रॉकेल मिळेना. तेव्हा मुंबईच्या बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन निघाल्या. पुढे मृणाल गोरे, प्रमिला दंडवते आणि अहिल्याताई. कमल दोंदे पडल्या त्याला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

आजींनी भाकऱ्या दुरडीत ठेवल्या आणि हात पुसले.

"त्या लाटण्याच्या मोर्चात होते मी," त्या म्हणाल्या. "नवीन लग्न झालेलं. सासूबाई म्हणाल्या, जा, पण लाटणं परत आण."

त्यांनी खिळ्यावरचं लाटणं काढून दाखवलं. एका टोकाला चीर गेली आहे. थाळीवर मारून गेली ती, त्या म्हणाल्या, आणि आमच्या कॅमेऱ्याच्या पोराकडे वळल्या.

"तू जेवलास का रे बाळा? ये, बस. ती छोटी भाकरी आधी घे, गरम आहे."